रक्तातील पिवळे पाणी

बाळंतपणानंतर काही बायकांना दवाखान्यात एक खास सुई टोचतात. आईचे रक्त ‘निगेटिव्ह’ आणि बाळाचे ‘पॉझिटिव्ह’ असले, म्हणजे ही सुई लागते. बाळ जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत ती द्यायची. नाही दिली, तर पुढच्या बाळाच्या जिवाला धोका असतो.

या सुईत काय असते? दुसऱ्या माणसाच्या रक्तातला एक अंश असतो. तो निर्धोक कसा करतात, ते आज आपण पाहू.

रक्तातला जागल्या

रक्त गोठू नये असे औषध घालून ते बाटलीत ठेवले, तर तांबडा भाग खाली बसतो. वर पिवळसर पाणी राहते. त्याला प्लाझ्मा म्हणतात. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग हाच असतो.

प्लाझ्माच्या शंभर भागांत नव्वद भाग नुसते पाणी. उरलेल्यात मुख्यतः प्रथिने असतात. त्यांपैकी काही प्रथिनांना प्रतिपिंडे म्हणतात. गावचा जागल्या परका माणूस ओळखतो, तशी ही प्रतिपिंडे रोगाचा जंतू ओळखतात व त्याला धरतात. बाळंतिणीच्या सुईत हीच असतात. पिसाळलेला कुत्रा चावला, तर जखमेत भरायच्या औषधातही हीच असतात.

असे औषध बनविताना पुष्कळ माणसांचा प्लाझ्मा एकत्र करतात. गार मद्यार्क घालून एकेक प्रथिन वेगळे काढतात. एडविन कोन यांनी ही रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत बसविली.

एका घागरीने हौद नासला

आता अडचण पाहा. हौदात शंभर घागरी पाणी ओतले आणि एका घागरीत घाण असली, तर हौदच नासतो. प्लाझ्माचेही तसेच आहे.

आयर्लंड नावाच्या देशात असेच घडले. १९७७ साली तेथे बाळंतिणींच्या या औषधासाठी एका आजारी बाईचा प्लाझ्मा घेतला. तिला कावीळ झाली होती. तरी तिचा प्लाझ्मा वापरला गेला. त्या औषधातून हजारावर बायकांना ‘हेपॅटायटिस सी’ हा यकृताचा रोग लागला. ही गोष्ट १९९४ साली उघडकीला आली. बाळाच्या रक्षणासाठी घेतलेल्या सुईनेच आईचे यकृत बिघडले. केवढा हा घात!

उकळून का घेत नाहीत?

तुम्ही म्हणाल, पाणी उकळतो तसा प्लाझ्मा उकळावा. पण अंडे उकडले की आतला पांढरा बलक घट्ट होतो, हे आपण रोज पाहतो. ते प्रथिन असते. प्रतिपिंडेही प्रथिनेच. उकळली तर जंतूही मरेल आणि जागल्याही मरेल. मग औषधात उरले काय?

प्लाझ्मातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन मात्र दणकट असते. त्यात सांभाळणारे पदार्थ घालून ते ६० अंश उष्णतेत दहा तास ठेवतात. प्रतिपिंडे इतकी दणकट नाहीत.

साबण आणि चाळणी

मग शास्त्रज्ञांनी जंतूचे अंग नीट पाहिले. ‘हेपॅटायटिस बी’, ‘हेपॅटायटिस सी’ आणि एड्सचा विषाणू, या तिघांच्या अंगावर चरबीचा पातळ अंगरखा असतो. प्रतिपिंडावर तो नसतो. इथेच वाट सापडली. तुपाचे भांडे साबणाने घासले की तूप जाते, भांडे राहते. त्याचप्रमाणे चरबी विरघळविणारा द्रव आणि साबणासारखा पदार्थ प्लाझ्मात घालून काही तास ठेवतात. विषाणूचा अंगरखा फाटतो व तो निकामी होतो. प्रतिपिंड शाबूत राहते. सुमारे १९८५ साली न्यूयॉर्कच्या रक्तकेंद्रात बर्नार्ड होरोविट्झ व त्यांच्या सोबत्यांनी ही रीत सिद्ध केली. घातलेला द्रव नंतर काढून टाकतात. त्यासाठी काही ठिकाणी आपले एरंडेलही वापरतात, बरं का!

२०२० साली करोनाच्या साथीत ‘साबणाने हात धुवा’ असे सांगत होते. त्याचे कारण हेच. त्या विषाणूलाही चरबीचा अंगरखा असतो.

पण काही विषाणू उघडेच असतात. घाण पाण्यातून येणाऱ्या ‘हेपॅटायटिस ए’ काविळीचा विषाणू तसा आहे. त्याला ही साबणाची रीत पुरी पडत नाही. म्हणून औषध अतिबारीक चाळणीतून गाळतात. पीठ खाली पडते, कोंडा वर राहतो. तसे लहान प्रतिपिंड खाली येते, मोठा विषाणू वर अडकतो.

पहिली चाळणी आपली

इतके केल्यावर काळजी संपली का? नाही. रक्तपेढीत दिलेले रक्त पाच रोगांसाठी तपासतात. तरी नुकताच लागलेला रोग काही दिवस तपासणीत दिसत नाही. आणि साधे रक्त किंवा तांबड्या पेशी रोग्याला देतात, तेव्हा त्या साबणाने धुता येत नाहीत. तेथे दात्याचा शब्दच कामी येतो. पैशासाठी रक्त देणारा आजार लपवील. म्हणून आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकण्याला बंदी आहे.

आमचे सांगणे एवढेच. रक्त जरूर द्या. पण देण्यापूर्वी डॉक्टर विचारतील, ‘कावीळ झाली होती का? अंगावर गोंदवून घेतले का?’ तेव्हा खरे बोला. सांगण्यात कमीपणा नाही. डॉक्टर परत पाठवतील, तर राग मानू नका. त्या दिवशी रक्त न देऊनही तुम्ही कोणाचा तरी जीव राखला, असे समजा.

उत्तरे सांगा

१. प्रतिपिंडे उकळून का चालत नाहीत?
२. साबणासारख्या पदार्थाने विषाणू कसा निकामी होतो?
३. चाळणी कोणत्या विषाणूंसाठी लागते?
४. रक्त देताना खरे का बोलावे? घरात चार जणांना समजावून सांगा.