घरभर फिरणारं ई-पुस्तक

आमच्या घरात वाचणारी माणसं चार: सासूबाई, नवरा, मी आणि नोकरीनिमित्त बंगळुरूला असलेली लेक. प्रत्येकाकडे स्वतःचा ई-रीडर आहे. ‘हे वाचच’ म्हणून पुस्तक दुसऱ्याच्या हातात ठेवायची सवय मात्र त्याच्या कितीतरी आधीची. कागदी पुस्तक या खोलीतून त्या खोलीत न्यायला कुणाला विचारावं लागत नाही. विकत घेतलेलं ई-पुस्तक चौघांत फिरवायचं तर आधी बरंच ठरवावं लागतं. आमच्याकडे जे ठरत गेलं, ते सांगते.

१. आधी खातं, मग पुस्तक

ई-पुस्तक रीडरवर दिसतं, पण असतं खात्यावर. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या खात्यावरून खरेदी सुरू केली की एकच कादंबरी दोनदा विकत घेतली जाते, आणि वेगवेगळ्या खात्यांवर गेलेली पुस्तकं पुढे एकत्र करता येत नाहीत. म्हणून पुस्तकांसाठी वेगळा ई-मेल काढून वेगळं खातं उघडावं. रोजच्या खरेदीचं खातं यात आणू नये. कुणी काय मागवलं, पत्ता कुठला, कार्ड कुठलं, हे सगळं उगाच चौघांपुढे येतं.

किंडलवर एक पुस्तक साधारणपणे एका वेळी सहा उपकरणांवर उतरवता येतं. प्रकाशकाने मर्यादा कमी ठेवली असेल तर त्याहून कमी. फोन आणि टॅबलेटवरचं ॲपही यात धरलं जातं, हे लक्षात ठेवायचं. ॲपलची रीत वेगळी. तिथल्या ‘फॅमिली शेअरिंग’मध्ये सहा जणांपर्यंतचं कुटुंब करता येतं, खाती ज्याची त्याची राहतात आणि घेतलेली पुस्तकं एकमेकांना वाचता येतात. घरात सगळ्यांकडे आयफोन किंवा आयपॅड असतील तर मी ही सोय आधी बघेन.

आणखी एक बारीकसं: ओटीपी कुणाच्या फोनवर जातो? लेक मीटिंगमध्ये असताना इथे आजीचा नवा रीडर जोडायला घेतला, तर सगळं तिथेच अडून बसतं. खात्याला नंबर द्यायचा तो दिवसभर घरात असणाऱ्या माणसाचा.

२. दोघांनी एकच पुस्तक वाचायचं तर ‘सिंक’ बंद करा

खातं एक असलं की रीडरच्या लेखी वाचकही एकच असतो. सासूबाई दुपारी जेवणं आटोपल्यावर चाळीसेक पानं वाचतात. लेक तीच कादंबरी रात्री जागून संपवते. दुसऱ्या दिवशी आजींनी रीडर उघडला की तो विचारतो, ‘सर्वात पुढच्या पानावर जायचं का?’ त्यांनी ‘हो’ला बोट लावलं की त्या थेट शेवटच्या प्रकरणात. रहस्यकथा असेल तर खेळच संपला.

सेटिंगमध्ये जाऊन हे ‘सिंक’ बंद करता येतं. त्याची किंमत अशी, की मग तुमचंच पान टॅबलेटवर आणि रीडरवर जुळत नाही. आम्ही सासूबाईंच्या सोयीला महत्त्व दिलं. ज्याला दोन्हीकडे वाचायचं असतं तो पान लक्षात ठेवतो.

३. खुणा सगळ्यांना दिसतात

हाच मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. सिंक चालू असताना एकाने अधोरेखित केलेली ओळ बाकीच्यांच्या पडद्यावरही उमटते. सिंक बंद करण्याआधी एकदा लेकीचा रात्री फोन आला. एका कादंबरीत विहिरीचं पाणी शेंदताना तळहाताला पडलेल्या घट्ट्यांचं वर्णन होतं, आणि त्याखाली रेघ होती. ‘आजी, ही खूण तुझी का गं?’ मग आजी मिरजेच्या वाड्यातल्या विहिरीबद्दल, रहाटाच्या आवाजाबद्दल, पहाटेच्या रांगेबद्दल बोलत राहिल्या. इतकी वर्षं एका घरात राहून मीही त्यातलं बरंचसं ऐकलं नव्हतं.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी. वाचन ही माणसाची खासगी गोष्ट आहे. नैराश्यावरचं, मोडू पाहणाऱ्या लग्नावरचं, एखाद्या आजारावरचं पुस्तक माणूस कुणाला न सांगता वाचतो आणि तसं वाचायचा त्याला हक्क आहे. सामाईक खात्याच्या यादीत त्या पुस्तकाचं नाव सगळ्यांपुढे येतं. रीडरवरून काढून टाकलं तरी खात्यावर ते राहतंच. आमच्याकडे यावर दोन गोष्टी पाळल्या जातात. यादीत काहीही दिसलं तरी ‘हे का घेतलंस?’ असं कुणी कुणाला विचारत नाही. आणि प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं खातं फोनवरच्या ॲपमध्ये असतं. रीडर एका वेळी एकाच खात्याला जोडता येतो, म्हणून रीडर घराचा आणि फोन आपला, अशी वाटणी सोपी पडते. लहान वयात लग्न होऊन एकत्र कुटुंबात आलेल्या बायकांना स्वतःचा असा कोपरा मिळत नसे. सासूबाईंच्या फोनवरही त्यांचं वेगळं खातं आहे. त्यावर काय आहे ते मला माहीत नाही, आणि ते तसंच असावं.

४. वडीलधाऱ्यांचा रीडर तयार करून द्या

रीडरवरचं दुकान कुलूपबंद करा, म्हणजे चुकून बोट लागून खरेदी होत नाही. अक्षर मोठं करून, ओळींमधलं अंतर वाढवून ठेवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाई पुन्हा भरपूर वाचू लागल्या त्या मोठ्या अक्षरामुळेच. खात्यावर प्रत्येक उपकरणाला ओळखीचं नाव द्या: ‘आईंचा’, ‘बाबांचा’. नाहीतर पुस्तक पाठवताना एकसारख्या नावांच्या यादीत नेमकं कुठलं निवडायचं तेच कळत नाही. प्रवासाला निघण्याआधी पुस्तकं उतरवून द्या. मुखपृष्ठ दिसलं म्हणजे पुस्तक उतरलंच असं नसतं.

५. मराठी पुस्तक आधी नमुन्यावर तपासा

किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर आली ती डिसेंबर २०१६ मध्ये. त्याआधीचे काही जुने रीडर घरात पडून असतील तर त्यांवर ती उघडतीलच असं नाही. बुकगंगावर मराठीचा साठा मोठा आहे, पण तिथली ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये वाचायची असतात, म्हणून ती आम्ही टॅबलेटवर घेतो. पीडीएफ तर सहा इंची पडद्यावर म्हाताऱ्या डोळ्यांना वाचताच येत नाही. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान सरकवावं लागतं. त्यात जुनी मराठी पुस्तकं युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेली. त्यांचं रूपांतर करायला गेलं की ‘श्र’, ‘र्‍या’, ‘द्ध’ यांच्या जागी भलतीच चिन्हं येतात आणि शब्द शोधायची सोयही चालत नाही. म्हणून फुकट नमुना आधी घरातल्या सर्वात जुन्या रीडरवर उतरवायचा, जोडाक्षरं नीट दिसली की मगच पैसे द्यायचे.

६. ‘विकत घेतलं’ याचा अर्थ समजून घ्या

दुकानाच्या अटी वाचल्या तर कळतं की आपण पुस्तक घेत नाही, ते वाचायचा परवाना घेतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’च्या काही प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. त्या विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, पण एका अमेरिकी शाळकरी मुलाने पुस्तकावर काढलेल्या टिपा निरुपयोगी झाल्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हाही ग्राहकांना पैसे मिळाले आणि पुस्तकं गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने ‘टॉम काबिनेट’ खटल्यात ठरवलं की वापरलेलं ई-पुस्तक हक्कधारकाच्या परवानगीवाचून पुन्हा विकता येत नाही. कॅलिफोर्नियात २०२५ पासून दुकानदाराला हे स्पष्ट सांगावं लागतं की ग्राहकाला परवाना मिळतो आहे, मालकी नव्हे. आपल्याकडेही खरेदीच्या बटणाशेजारी अशी ओळ यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

७. कुलूप तोडायचं नाही, पीडीएफ फिरवायची नाही

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. नक्कल होऊ नये म्हणून ई-पुस्तकाला घातलेलं डिजिटल कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी मराठीपुरतं माझं मत ठाम आहे. कितीतरी मराठी पुस्तकांची आवृत्ती हजार प्रतींची असते आणि ती खपायला वर्षं लागतात. नव्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटात फिरली की लेखकाचं पुढचं पुस्तक अडतं. आमच्या नातेवाइकांच्या गटावर अशी फाइल आली की मी ती उघडत नाही, आणि पाठवणाऱ्याला पुस्तक कुठे विकत मिळतं ते कळवते. एका मामेसासऱ्यांना राग आला होता. आता ते दुवे पाठवतात.

मोकळेपणाने वाटता येतील अशी पुस्तकं भरपूर आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. दोघांची पुस्तकं आज कुणालाही देता येतात. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं आहेत, आणि ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने ई-पुस्तकं विनामूल्य देतं. अशा पुस्तकांसाठी कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं ‘कॅलिबर’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर जरूर ठेवा. नावं, लेखक, मुखपृष्ठं नीट लावता येतात आणि एकच फाइल चौघांच्या रीडरवर चढवता येते.

८. मागे काय राहणार?

खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून यूएसबीने चढवायची सोयही बंद झाली. सामाईक खात्याचा ई-मेल आणि पासवर्ड लेकीकडे आहे, त्यामुळे निदान खातं चालू राहील तोवर वाचता येईल. तेवढ्यावर मी विसंबत नाही. तिच्याकडे जावीत असं वाटतं ती पुस्तकं आम्ही कागदावरच घेतो: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, शब्दकोश, सासूबाईंनी समासात मापं लिहून ठेवलेलं पाककृतींचं पुस्तक. रीडरवर वाचून फार आवडलेलं एखादं नवं पुस्तक मग दुकानातूनही आणलं जातं. पैसे दोनदा जातात, पण लेखकालाही दोनदा मानधन मिळतं, आणि ते मला पटतं.