लाकडी मेणबत्तीदान घरी कसे करावे

नाताळ येतो तेव्हा समुद्रपूर तालुक्यात कापसाची वेचणी चालू असते. अनेक घरांत ओसरीपासून आतल्या खोलीपर्यंत कापूस रचलेला असतो. तेथे मेणबत्ती कलंडली तर वर्षभराची कमाई जाईल. म्हणून मेणबत्तीदान शोभेचे असावेच, पण त्याआधी ते न उलथणारे आणि न पेटणारे असावे. कापूस असलेल्या खोलीत मात्र ते लावूच नये.

लाकूड जंगलातून तोडून आणू नये. सुताराकडे सागाचे तुकडे उरतात, ते मागून घ्यावेत. ओल्या लाकडात भोक पाडले की वाळताना ते तडकते, म्हणून वाळलेलेच घ्यावे. बाभूळ टिकाऊ खरी, पण नवशिक्याच्या पटाशीला दाद देत नाही.

तुकडा ४ इंच लांब, ४ इंच रुंद आणि २ इंच जाड घ्यावा. एवढ्या बैठकीवर ६ इंचांपेक्षा उंच मेणबत्ती ठेवू नये. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा आखल्या की मध्य सापडतो. तेथे गिरमिटाने १ इंच खोल भोक पाडावे. ते मेणबत्तीपेक्षा किंचित मोठे असावे.

आता मुख्य काम. रिकाम्या डब्याच्या पत्र्याची ३ इंच रुंद गोल तबकडी कापावी. तिच्या मधोमध फुलीसारखा छेद द्यावा आणि चारही पाकळ्या भोकात खाली वाकवाव्यात. भोकाच्या तळाशीही पत्र्याची छोटी चकती टाकावी. तबकडीच्या कडा कानशीने घासून बोथट कराव्यात व लहान चुकांनी ती लाकडावर बसवावी. पत्रा कापण्याचे काम मोठ्यांनीच करावे. पाकळ्या मेणबत्ती धरून ठेवतात आणि ज्योत खाली आली तरी ती लाकडाला भिडत नाही. बाजारातल्या पुष्कळ सुंदर मेणबत्तीदानांत नेमका हा पत्राच नसतो!

नक्षी बाजूंवर कोरावी. मोहाचे पान, ज्वारीचे कणीस, काय जमेल ते. पॉलिश पेपरने घासून जवसाचे तेल चोळावे. जवस आपल्या विदर्भातलेच. गावचा माल आणि गावचे हात, हाच विचार घेऊन जे. सी. कुमारप्पा या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाने १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत उभे केले. तेथील मगन संग्रहालय १९३८ चे. मुलांना एकदा अवश्य दाखवावे. मंडळीच्या विक्रीत ही वस्तू ठेवणार असाल, तर किंमत ठरवताना करणाऱ्याचे तास मोजा. तुकडा फुकट मिळाला म्हणून मजुरीही फुकट धरू नये.

तेलाचे फडके मात्र बोळा करून टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ते अंगणात पसरून वाळवावे. लाकूडही चारपाच दिवस वाळू द्यावे. मग सपाट जागी, पडद्यापासून व वाऱ्यापासून दूर ठेवून मेणबत्ती लावावी, आणि दोन बोटे उरली की विझवावी.