लहान तळ्यांत कोणते मासे सोडावे?

शेतांतील तळें भरलें, कीं मिळेल तें मत्स्यबीज त्यांत सोडण्याची घाई पुष्कळ जण करितात. आमच्या मतें आधीं पाण्याची परीक्षा करावी. ५-६ फूट पाणी ८-१० महिने टिकत असेल, तर कटला, रोहू व मृगळ हे एकत्र पाळणें हितावह होय. कटला पृष्ठभागावरील, रोहू मधल्या थरांतील व मृगळ तळाचें अन्न खातो. त्यामुळें एकाचा घांस दुसरा हिरावीत नाहीं. १० गुंठ्यांच्या तळ्यांस बोटभर लांबीचीं ५०० पिलें पुरेत : कटला २००, इतर दोन प्रत्येकीं १५०. पाणी लवकर आटत असल्यास हा खर्च करूं नये.

मरळ मात्र आधीं निःशेष काढावा. तो हवा घेऊन चिखलांतही तग धरितो, आणि पुढें पिलें गिळून सारा खर्च बुडवितो.

वरील तिन्ही जाती सांचलेल्या पाण्यांत वीत नाहींत. म्हणून बीज विकत घ्यावें लागतें. पूर्वीं तें नदींतून धरीत व त्यांत खादाड जातींचीं पिलें मिसळत. १९५७ सालीं हिरालाल चौधुरी यांनीं ग्रंथिरस टोंचून या वर्गांतील मासे वीविले. तेव्हांपासून शुद्ध बीजाचा मार्ग खुला झाला. तरी प्रत्येक जातीचें बीज वेगळें मागून, पारखून व मोजूनच घ्यावें, ही आमची वाचकांस विनंति आहे.