मस्जिद स्टेशनचं नाव कोणत्या मशिदीवरून पडलं?

प्रश्न : कामानिमित्त मुंबईला गेलो आणि मस्जिद स्टेशनवर उतरलो. बाहेर सुक्यामेव्याच्या पेढ्या, हातगाड्या, कच्छी, बोहरी, मारवाडी, तमिळ अशी तऱ्हेतऱ्हेची माणसं. हे स्टेशन नेमक्या कोणत्या मशिदीच्या नावाचं? आणि एवढी निरनिराळी माणसं त्या एका शहरात आली कशी?
— एक वाचक, बेलापूर (ता. श्रीरामपूर)

उत्तर : ज्या ‘जुन्या मशिदी’वरून हे नाव पडलं, ती मशीद नव्हेच. ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग. कंपनी सरकारच्या फौजेतल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ साली बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटका झाली म्हणून त्यांनी ते उभारलं, असं त्यांच्या समाजात सांगतात. आडनाव पाहा, दिवेकर. पेणकर, रोहेकर, किहीमकर हेही त्यांच्यातलेच. हे बेने इस्रायल ज्यू कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवत, शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरात बोलणं मराठीच.

आता दुसरा प्रश्न. इंग्रज राजानं १६६८ साली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं दिली, तेव्हा ती दलदलीची, तापानं माणसं मारणारी बेटं होती. सुरतेतला चालता धंदा सोडून तिथं कोण येणार? म्हणून व्यापाऱ्यांना बोलवावं लागलं, आणि त्यांनी अटी घातल्या. दीवच्या नीमा पारख या व्यापाऱ्याचा १६७७ चा करार मला फार मोलाचा वाटतो. घराला आणि वखारीला जागा हवी, धर्म पाळायची मोकळीक हवी, आणि आपल्या आवारात कुणी जीवहत्या करता कामा नये, असं त्याचं मागणं होतं. मुंबईत सगळे धर्म शेजारीशेजारी राहिले, त्यामागे असे रोखठोक करार आहेत.

दूरदेशीचा व्यापार तेव्हा नात्यावर चाले. माल आज गलबतात चढवायचा आणि पैसे कित्येक महिन्यांनी मिळायचे. पलीकडच्या बंदरात आपला भाचा, निदान आपल्या जमातीचा माणूस असल्याशिवाय हे जमत नसे. त्यामुळे जी जमात आली, ती आपली बंदरं बरोबर घेऊन आली. बगदादहून डेव्हिड ससून आले. त्यांच्या मुलानं बांधलेल्या ससून डॉकवर (१८७५) आजही पहाटे कोळणींचा मासळीबाजार भरतो. सुरतेचे पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली जहाजं बांधायला आले. वाडियांच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये अजून तरंगतं आहे.

तुम्ही घाटावरचे, म्हणून हेही सांगतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच कित्येक पेढ्या बुडाल्या. पण तोवर रेल्वे भोरघाट चढली होती. पुढे १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. श्रीरामपूर शहरातल्या स्थानकाला तुमच्या गावाचं ‘बेलापूर’ हे नाव मिळालं ते त्याच मार्गावर. बंदर असं तुमच्या शिवारापर्यंत आलं.

आता ते खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला आहे, १९८९ पासून. तुमच्या भागातला कांदा तिथून कंटेनरनं दुबईला, मलेशियाला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा तुमच्याकडे बाजार समितीत भाव कोसळले. बंदी उठायला मे उजाडला. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून घेतलेल्या त्या निर्णयाची किंमत कांदा पिकवणाऱ्यानं भरली, आणि हा अन्याय होता असं मी मानतो.

पुढच्या खेपेला मस्जिदला उतरलात, तर थोडं वळून सॅम्युएल स्ट्रीटवर जा. हे नाव दिवेकरांचंच. सिनेगॉगची सध्याची वास्तू १८६० ची आहे.