प्रयोगशाळा आंतरजालावर नेताना

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची वही ज्यांनी लिहिली आहे, त्यांना प्रयोगाची मांडणी नव्याने सांगावयास नको. टेबलाच्या एका बाजूस प्रयोगकर्ता, दुसऱ्या बाजूस प्रयुक्त, मध्ये पडदा, हाताशी स्टॉपवॉच. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली. आपल्या शेजारी म्हैसूर विद्यापीठात १९२४ साली डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी मानसशास्त्र विभागाची उभारणी सुरू केली. उपकरणे बदलत गेली, परंतु समोरासमोर बसण्याची ही रीत कायम राहिली. आता मात्र दोघे एकमेकांना न पाहताच, संगणकाच्या पडद्यावर, प्रयोग पार पडू शकतो. अशा प्रयोगाची उभारणी व व्यवस्था कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माझे म्हणणे इतकेच की, प्रयोगकर्ता टेबलावरून उठला तरी त्याची कामे संपत नाहीत. ती आधीच विचार करून लिहून ठेवावी लागतात.

उदाहरणादाखल आपल्या परिचयाचा स्ट्रूपचा प्रयोग घेऊ. जे. रिडले स्ट्रूप यांनी १९३५ साली तो प्रसिद्ध केला. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगावयास त्यांच्या १०० विद्यार्थ्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले. शब्द एका रंगाचा आणि शाई दुसऱ्याच रंगाची असे शंभर शब्द देऊन शाईचा रंग विचारला, तेव्हा ११०.३ सेकंद लागले. वाचनाची सवय आड येते, ती अशी.

हा प्रयोग आंतरजालावर घेण्यास तीन गोष्टी लागतात : उद्दीपके दाखवून प्रतिक्रिया टिपणारी आज्ञावली, ती माहिती साठविणारा सर्व्हर, आणि प्रयुक्तांपर्यंत पोचण्याचा मार्ग. सायकोपाय, जेएस-साइक व लॅब-जेएस या आज्ञावली विनामूल्य मिळतात. सायकोपाय व लॅब-जेएसमध्ये चौकटी जुळवून प्रयोग रचता येतो. जेएस-साइकला थोडे प्रोग्रॅमिंग यावे लागते. गोरिला नावाच्या सेवेत रचना व साठवण एकत्र होते, मात्र त्यासाठी पैसे मोजावे लागतात. कोणतीही निवडली तरी आराखडा प्रथम कागदावर काढावा : संमती, सूचना, सराव, मुख्य फेऱ्या, समारोप. प्रत्येक फेरीत कोणता शब्द, कोणता रंग, कोणती कळ, हे तक्त्यात भरले की पुढचे काम आज्ञावलीचे.

पहिला प्रश्न वेळेचा. सामान्य पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. म्हणजे उद्दीपक सुमारे १६.७ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनीच दिसू शकते. त्यात कळफलकाचा विलंब मिळतो, आणि तो प्रत्येक यंत्राचा निराळा. मग मोजमाप विश्वसनीय कसे? उत्तर प्रयोगाच्या आराखड्यात आहे. एकाच प्रयुक्ताला दोन्ही प्रकारचे शब्द दाखविले, तर त्याच्या यंत्राचा ठरावीक विलंब दोन्हींत सारखाच मिळतो आणि वजाबाकीत निघून जातो. दोन निरनिराळ्या गटांची तुलना करताना ही सोय राहत नाही. तेथे प्रयुक्तांची संख्या वाढवावी लागते. क्रम्प, मॅकडॉनल व गुरेकिस यांनी २०१३ साली आंतरजालावरील कामकऱ्यांकडून स्ट्रूपसह अनेक जुने प्रयोग करून घेतले, आणि स्ट्रूपचा परिणाम तेथेही स्पष्ट दिसला.

दुसरा प्रश्न गळतीचा. प्रयोगशाळेतून उठून जाण्यास प्रयुक्त संकोचतो. घरी तो पान मिटवून मोकळा होतो. समजा, दोन गटांत प्रत्येकी ५० जण यादृच्छिक पद्धतीने वाटले. सोपे काम असलेल्या गटात ४८ उरले, अवघड कामाच्या गटात ३०. हे ३० जण बहुधा अधिक चिकाटीचे असणार. आता गट सारखे राहिले नाहीत, आणि दिसणारा फरक कामाचा की माणसांचा, हे सांगता येत नाही. झाऊ व फिशबाख यांनी २०१६ साली या धोक्याकडे संशोधकांचे लक्ष वेधले. म्हणून किती जणांनी सुरुवात केली व कोण कोठे थांबले याची नोंद गटवार ठेवावी आणि ती अहवालात द्यावी.

तिसरा प्रश्न लक्षाचा. प्रयुक्त सूचना समजला की नाही, हे आपण चेहऱ्यावरून ओळखतो. पडद्याला चेहरा दिसत नाही. म्हणून सरावाच्या फेऱ्या ठेवाव्यात आणि त्यांत पुरेशी उत्तरे बरोबर आल्याखेरीज पुढे जाऊ देऊ नये. रंगांधळेपणाविषयी आरंभीच विचारावे. कोणाची माहिती वगळावयाची याचे नियम माहिती हाती येण्यापूर्वीच ठरवून लिहावेत. निकाल पाहून ठरविलेला नियम निःपक्षपाती राहत नाही. मुख्य प्रयोगाआधी पाच-सहा मित्रांवर वेगवेगळ्या यंत्रांवर तो करून पाहावा. मोबाईलवर कळफलक नसतो, हे पुष्कळदा तेव्हाच ध्यानात येते.

चौथी बाब सौजन्याची. कोणत्याही क्षणी थांबण्याची मोकळीक, किती वेळ लागेल याचा खरा अंदाज, आणि शेवटी प्रयोगाचा हेतू सांगणारे दोन शब्द, एवढे प्रयुक्ताला मिळालेच पाहिजे. नाव व फोन नंबर लागत नसतील तर विचारूच नयेत. अठरा वर्षांखालील प्रयुक्तांसाठी पालकांची संमती घ्यावी.

हे सर्व आपण का शिकावे? हेन्रिक, हाइने व नोरेन्झायान यांनी २०१० साली दाखवून दिले की, मानसशास्त्रातील बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य, शिक्षित व सधन समाजांतील प्रयुक्तांवर उभे आहेत. आपल्यासारखी माणसे त्यांत क्वचितच मोजली गेली. आपल्या वर्गात मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी रोज कन्नड पाट्या वाचतो, आणि कन्नड शाळेतून आलेला मराठी मित्रांत वावरतो. कोणत्या लिपीतील शब्द त्याच्या आड अधिक येतो? लाल, हिरवा, निळा, पिवळा आणि केंपु, हसिरु, नीलि, हळदि : अक्षरे मोजली तर दोन्हीकडे दोन, तीन, दोन, तीन. जणू प्रयोगासाठीच जुळून आलेली जोडी! सूचना दोन्ही भाषांत तितक्याच नेमक्या लिहाव्यात, त्या दोन्ही भाषा जाणणाऱ्याकडून तपासून घ्याव्यात, आणि अक्षरे सर्व यंत्रांवर नीट उमटतात का, हे पाहावे.

विभागातील जुनी उपकरणे अपुरी पडतात, ही आपली तक्रार रास्त आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास एक संगणक, एक विनामूल्य आज्ञावली आणि दोन्ही भाषांच्या विद्यार्थ्यांचे सहकार्य पुरेसे आहे. मराठी व कन्नड विभागांतील विद्यार्थ्यांनी हा प्रयोग मिळून हाती घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवितो.