संगणकाची कोंडी आणि वेळेवरचे ठिगळ

शेतकऱ्याचा सातबारा, विद्यार्थ्याचा निकाल, रुग्णाची नोंद, निवृत्तिवेतनधारकाची बँकेतील रक्कम ही सारी कामे आज संगणकाच्या भरवशावर चालतात. समजा, अशा एखाद्या संगणकातील एक अक्षरही कोणी चोरले नाही, एकही नोंद बदलली नाही. परंतु तो संगणक येणाऱ्याला उत्तरच देईनासा झाला. दप्तर सुरक्षित आहे, पण कार्यालयाचे दार उघडत नाही. नागरिकाच्या दृष्टीने दप्तर हरवणे आणि दार न उघडणे यांत त्या दिवसापुरता फारसा फरक नसतो. या प्रकाराला 'सेवा-अवरोध' असे म्हणतात.

सेवा-अवरोध दोन मार्गांनी होतो. एक, संगणकापुढे खोट्या मागण्यांची एवढी गर्दी करणे की खऱ्या मागणीला जागाच उरू नये. दुसरा, मुद्दाम वेडावाकडा घडवलेला एखादाच संदेश पाठवून संगणक बंद पाडणे. दोहोंतही नेम धरला जातो तो बहुधा 'परिचालन प्रणाली'वर, म्हणजे यंत्राची स्मृती, जोडण्या आणि कामाची वाटणी सांभाळणाऱ्या मूळ कार्यक्रमावर. या कार्यक्रमात राहून गेलेली चूक हीच हल्लेखोराची वाट होय.

न्यूयॉर्कमधील धडा

सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथील पॅनिक्स या इंटरनेट सेवा देणाऱ्या संस्थेवर जो प्रसंग गुदरला, तो या विषयातील पहिला मोठा धडा मानला जातो. तो समजण्यासाठी दोन संगणकांत संभाषण कसे जुळते, हे पाहावे लागेल. पहिला संगणक 'बोलू का?' असे विचारतो. दुसरा 'बोला' असे उत्तर देतो आणि आपल्या नोंदवहीत एक ओळ राखून ठेवतो. पहिल्याने 'ऐकले' असे कळवले की जोडणी पुरी होते. या तिहेरी देवाणघेवाणीवरच 'टीसीपी' ही पद्धती उभी आहे.

हल्लेखोराने फक्त पहिला प्रश्न विचारण्याचा सपाटा लावला. प्रश्नावर पत्ताही खोटा. त्यामुळे उत्तर जाई ते भलतीकडेच, आणि तिसरा संदेश कधी येतच नसे. नोंदवहीतील ओळ मात्र मुदत संपेपर्यंत अडून राही. त्या काळच्या प्रणालींत अशा अर्धवट जोडण्यांसाठी थोड्याच ओळी असत. सेकंदाला शे-दीडशे खोट्या मागण्या एवढ्यावर ती वही भरून जाई. पॅनिक्सचे टपाल व इतर सेवा यांमुळे विस्कळीत झाल्या.

या प्रसंगातील खरी बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. बिल चेसविक आणि स्टीव्ह बेलोव्हिन या दोन संशोधकांच्या ध्यानात हा दोष १९९४ मध्येच आला होता. आपल्या ग्रंथासाठी त्यांनी त्यावर एक परिच्छेद लिहिला आणि पुढे तो वगळला. मधल्या दोन वर्षांत उपाय मात्र तयार झाला नाही. १९९६ मध्ये एका नियतकालिकाने हल्ल्याची रीत साधनासह छापली आणि मग धावपळ सुरू झाली. दोष ठाऊक असणे आणि दोष दूर होणे यांतील अंतर किती महाग पडते, हे त्यावेळी दिसून आले.

उपाय सुचला तो मोठा चतुर होता. डॅनियल बर्नस्टाइन यांनी त्याच सप्टेंबर महिन्यात तो मांडला. 'बोला' या उत्तरासोबत एक क्रमांक पाठवावाच लागतो. तोच एका गुप्त सूत्राने तयार करावा आणि वहीत काहीच लिहू नये, अशी ही युक्ती. शिक्का मारलेली चिठ्ठी हाती देणाऱ्या कारकुनासारखे हे आहे. चिठ्ठी घेऊन जो परत येईल त्याचीच नोंद करायची; जो येणार नाही त्याच्यासाठी ओळ अडत नाही. पुढे लिनक्स प्रणालीत या युक्तीचा समावेश झाला. वही भरू लागली की ती उपयोगी पडते.

६५,५३५ ची मर्यादा

दुसऱ्या प्रकारच्या दोषाचे मूळ पुष्कळदा मोजमापात असते. सोळा द्विमान अंकांच्या रकान्यात ६५,५३५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. इंटरनेटवरील एका संदेशाची कमाल लांबीही म्हणूनच ६५,५३५ बाइट ठरलेली आहे. मोठा संदेश तुकड्यातुकड्यांनी जातो आणि पोहोचल्यावर जोडला जातो. १९९६ च्या सुमारास असे आढळले की, शेवटचा तुकडा मुद्दाम लांब केला तर जोडलेला संदेश या मर्यादेबाहेर जातो. अनेक प्रणालींनी बेरीज तपासलेलीच नव्हती. संदेश राखीव जागेबाहेर सांडे आणि यंत्र बंद पडे. हा प्रकार 'पिंग ऑफ डेथ' या नावाने प्रसिद्ध झाला.

हा धडा शिकून झाला असे वाटत असतानाच, २३ वर्षांनी तीच संख्या पुन्हा आडवी आली. नेटफ्लिक्स कंपनीतील अभियंता जोनाथन लूनी यांना लिनक्समध्ये सापडलेला एक दोष १७ जून २०१९ रोजी जाहीर झाला. पाठवायच्या माहितीचे किती भाग झाले, हे लिनक्स एका सोळा-अंकी रकान्यात मोजत असे. समोरच्याने अत्यंत लहान भागांचा आग्रह धरला, तर एका भागात अवघे ८ बाइट माहिती उरते. ३२ किलोबाइटचे १७ तुकडे एकत्र आले की त्यांचे ६९,६३२ भाग होतात. रकाना भरून वाहतो, हिशेब जुळत नाही, आणि प्रणाली घाबरून स्वतःच थांबते. २००९ पासूनच्या लिनक्स आवृत्त्यांत हा दोष दडलेला होता. जगातील असंख्य सेवा लिनक्सवर चालतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते.

मात्र यावेळी क्रम वेगळा होता. दोष जाहीर झाला त्याच दिवशी दुरुस्तीही हाती होती. ती बसवेपर्यंत कोणती सोय तात्पुरती बंद ठेवावी, हेही सांगण्यात आले होते. १९९६ ते २०१९ या काळातील खरी प्रगती ती हीच.

ठिगळ आणि मधला काळ

अशा दुरुस्तीला 'पॅच', म्हणजे ठिगळ, म्हणतात. हा शब्द अलंकारिक नव्हे. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर कार्यक्रम लिहिले जात, त्या काळी चुकीच्या छिद्रावर खरोखरच कागद चिकटवून दुरुस्ती करीत. आजचे ठिगळ तारेवरून येते. पण चिकटवणारा हात आजही लागतोच.

येथेच खरी मेख आहे. ठिगळ प्रसिद्ध होते त्या दिवशी दोषही जगजाहीर होतो. दुरुस्ती वाचून हल्लेखोर मूळ चूक ओळखतो. म्हणून ठिगळ निघाल्यापासून ते बसवले जाईपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका दोषावर ठिगळ दिले. त्याच दोषातून शिरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर कार्यक्रमाने १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, जगभर थैमान घातले. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. २७ जून रोजी 'नॉटपेट्या' या दुसऱ्या उपद्रवाची झळ मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही लागली आणि तेथील कामकाज ठप्प झाले. त्याच्या प्रसाराची एक वाट हाच जुना दोष होती. हे उपद्रव केवळ सेवा-अवरोधाचे नव्हते. तथापि विलंबाची किंमत त्यांनी स्पष्ट केली.

ठिगळही सदोष असू शकते, ही दुसरी बाजू होय. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या संरक्षक कार्यक्रमात पाठवलेल्या एका चुकीच्या बदलामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. संरक्षणासाठी आलेल्या बदलानेच सेवा अडली. सबब, घाई आणि दिरंगाई या दोहोंमधला मार्ग म्हणजे आधी चाचणी, मग अंमल.

कार्यालयांचे कर्तव्य

हा मार्ग खर्चिक नाही, शिस्तीचा आहे. कार्यालयात कोणती यंत्रे आहेत आणि त्यांवर कोणती प्रणाली कोणत्या आवृत्तीची आहे, याची यादी असावी. जे यादीत नाही त्यावर ठिगळ बसत नाही. आलेले ठिगळ प्रथम एक-दोन यंत्रांवर पारखून, माहितीची प्रत काढून ठेवून, मग कामाच्या वेळेबाहेर सर्वत्र बसवावे. काही ठिगळे यंत्र पुन्हा सुरू केल्यावाचून लागू होत नाहीत, हे विसरू नये. निर्मात्याने आधार काढून घेतलेल्या प्रणाली बदलाव्यात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे त्याचे अलीकडचे उदाहरण.

दोषांविषयीच्या सूचना देण्याचे काम आपल्या देशात २००४ पासून 'सर्ट-इन' ही केंद्रीय यंत्रणा करीत आली आहे. तिच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार सेवा-अवरोधासारखी घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक करण्यात आले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार अधिकृत व्यक्तीला संगणकापासून वंचित करणे हे उल्लंघन आहे. कलम ६६ खाली, अप्रामाणिक वा कपटी हेतूने ते केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायदा अपराध्याला शासन करील; पण भरलेली नोंदवही मोकळी करणे त्याच्या हाती नाही. ते काम यंत्राची देखभाल करणाऱ्याचे आहे. दूर गावाहून एसटीने आलेल्या माणसाला 'आज यंत्र बंद आहे, उद्या या' असे सांगावे लागू नये, यासाठी कार्यालय बंद झाल्यावर कोणीतरी अर्धा तास थांबून ते ठिगळ बसवावे लागते.