फार काळजी केल्याने स्मृतिभ्रंश होतो का?

प्रश्न : मी श्रीगोंदा तालुक्यातली, वय ५७. स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. पाऊस लांबला की लिंबाच्या बागेची काळजी, चाकणला नोकरी करणाऱ्या मुलाचा फोन उशिरा आला की त्याची. रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, पुन्हा डोळा लागत नाही. सासूबाईंना शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंश होता, त्यांचं सगळं मीच केलं. परवा भाचीने मोबाइलवर दाखवलं की काळजी करणाऱ्यांना हा आजार तिप्पट होतो. हल्ली गॅस बंद केला का, ते मी दोन-दोनदा जाऊन बघते. मलाही तेच होणार का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, दीर्घकाळ टिकणारी चिंता आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अभ्यासांत आढळला आहे, हे खरं. पण ‘तिप्पट’ हा आकडा ज्या अभ्यासातून आला, त्यातच असंही दिसलं की ज्यांची चिंता पुढे ओसरली, त्यांना जास्तीचा धोका राहिला नाही. तुमच्या कामाची गोष्ट ही आहे.

तो अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केला. ५५ ते ८५ वयाच्या २,१३२ लोकांची ठरावीक वर्षांनी तपासणी होत होती. पहिल्या तपासणीत आणि पाच वर्षांनंतरच्या तपासणीतही ज्यांना चिंता होती, त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या २.८ पट निघाला. मधल्या काळात नव्याने चिंता जडलेल्यांचा ३.२ पट. आधी होती पण नंतर राहिली नाही, अशांचा धोका मात्र चिंता नसलेल्यांइतकाच होता. आता ‘तिप्पट’चा अर्थही नीट पाहा. एवढ्या लोकांपैकी स्मृतिभ्रंश झाला तो ६४ जणांना, म्हणजे शंभरात साधारण तिघांना. चिंता करणाऱ्यांपैकीही बहुतेकांना हा आजार झाला नाही.

असं का होत असावं? जिवाला घोर लागला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. संकटापुरतं ते उपयोगाचंच, पण महिनोन्‌महिने चढं राहिलं तर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला जाच होतो. नवी आठवण पक्की करण्याचं काम याच भागाचं. शिवाय झोप तुटते, रक्तदाब वाढतो, माणूस चालणं-फिरणं आणि चार लोकांत जाणं सोडतो, कुणाची तंबाखू वाढते. ही सगळी कारणं मेंदूला मारक आहेत. उलट बाजूही आहे. काहींच्या बाबतीत उतारवयात पहिल्यांदाच उद्भवलेली चिंता ही स्मृतिभ्रंशाची आधीची खूण असते. म्हणून आयुष्यभर शांत असलेला माणूस साठीनंतर अचानक घाबरा, अस्वस्थ राहू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. तुमचं तसं नाही, तुमची काळजी जुनी आहे.

गॅसचं म्हणाल, तर मनात मुलाचा विचार घोळत असताना हात सवयीने बटण फिरवतो आणि मनाने त्याची नोंदच घेतलेली नसते. नोंदच नाही, तर आठवणार कुठून? तुम्ही जाऊन बघता आणि बटण बंद असतं. ही बहुतेक वेळा चिंतेची करामत असते. स्मृतिभ्रंशात चित्र वेगळं दिसतं. आयुष्यभर केलेला चहा टाकायला उभं राहिलं की आधी काय टाकायचं ते सुचत नाही, बाजारात सुट्ट्या पैशांचा हिशेब लागत नाही, मळ्याची रोजची वाट चुकते, तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारला जातो. आणि हे त्या माणसाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं. सासूबाईंच्या वेळी तुम्ही हे पाहिलंच असेल. त्यांचं-तुमचं रक्ताचं नातं नाही, तेव्हा त्यांच्याकडून हा आजार तुमच्याकडे येण्याचा प्रश्न नाही. मात्र वर्षानुवर्षं अशा माणसाचं करण्याचा ताण मागे उरतो. तुमच्या तीनच्या जागरणात त्याचाही वाटा असू शकतो.

‘काळजी करू नकोस’ असं तुम्हाला आजवर शंभर जणांनी सांगितलं असेल, त्याने काही होत नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस मन आवरता येत नाही, झोप आणि कामं बिघडतात, तेव्हा डॉक्टर त्याला चिंताविकार म्हणतात. त्यावर औषधं आहेत आणि विचारांची दिशा बदलायला शिकवणारं समुपदेशनही आहे. हे शहरातल्यांसाठीच असतं असं समजू नका. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून घडवलं. गावच्या आरोग्याचं मोठं काम गावच्याच बाया पेलतात, हे जगाने जामखेडात पाहिलं. मनाच्या आजारांबाबत तसा प्रयोग गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने केला. तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत, मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांची मदत मिळाल्यावर चिंता आणि नैराश्याचे जास्त रुग्ण बरे झाले. २०१० साली ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला.

एका गोष्टीपासून मात्र जपा. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून अल्प्राझोलमसारखी गोळी चिठ्ठीशिवाय आणून वर्षानुवर्षं घेणारे घरोघरी आहेत. या गोळ्यांची सवय लागते, उतारवयात त्यांनी गोंधळल्यासारखं होतं, तोल जाऊन माणूस पडतो. आधीपासून घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. चिंतेवर दिली जाणारी दुसऱ्या प्रकारची औषधं अशी सवय लावत नाहीत, पण त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं, आणि त्यानेही विसरायला होतं. २०२४ च्या ‘लॅन्सेट’ आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा आजार लांबू शकतो. त्यांत चिंता नाही, पण नैराश्य आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणं, मोतीबिंदूसारख्या कारणांनी कमी दिसणं, व्यायाम नसणं आणि एकटेपण हेही आहे. कान आणि डोळे दाखवून घेणं हीसुद्धा मेंदूचीच निगा. रोज अर्धा तास भरभर चाला, आणि बचत गटाची बैठक चुकवू नका.

जायचं कुठे? नगरच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. लोणीला प्रवरा आणि विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं रुग्णालय आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांना ‘डोकं दुखतं, अंग मोडून येतं’ एवढंच सांगून परत येऊ नका. तीनची जाग, धडधड, गॅस पुन्हा पुन्हा बघणं, सासूबाईंची शुश्रूषा, घेत असाल त्या गोळ्या, सगळं मोकळेपणी सांगा. घरातलं एक माणूस सोबत न्या. विसरायला होतं ते खरोखर किती, हे त्यांच्याकडूनही डॉक्टरांना कळेल.

त्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात चिंतेचा आणि स्मृतिभ्रंशाचा संबंध सत्तरीच्या आतल्यांत जास्त ठळक होता. म्हणजे उपचार घ्यायचे तर ते तुमच्याच वयात. स्वभावच असा म्हणून सोसत राहू नका. याच महिन्यात जा.